घरभर वायरलेस स्पीकर लावायचे आहेत: ब्लूटूथ की वाय-फाय?

निळीशाई

नमस्कार मंडळी. घरात हॉल, दोन झोपायच्या खोल्या आणि स्वयंपाकघर. हॉलमध्ये टीव्ही. सध्या एकच ब्लूटूथ स्पीकर आहे आणि तोच सगळीकडे फिरतो. आवाज चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोबाइल हातात घेऊन पलीकडच्या खोलीत गेले की गाणं तुटायला लागतं. कुणाचा फोन आला की गाणं थांबतं आणि मेसेजची टिंगटिंग सगळ्या घराला ऐकू जाते. टीव्हीला जोडला तर माणसाचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

आता नीट व्यवस्था करायची आहे. सगळ्या खोल्यांत एकच गाणं वाजवता यावं, शिवाय बाबांना त्यांच्या खोलीत सकाळी रेडिओ वेगळा ऐकता यावा. भिंती फोडून तारा टाकायच्या नाहीत. ब्लूटूथचेच आणखी स्पीकर घ्यावेत की वाय-फायवाले? ज्यांनी घरी लावलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भिरभिरा

वाचतोय, मलाही हेच हवं आहे. एक सुचवतो: आधी प्रत्येक खोलीतले प्लग कुठे आहेत ते बघा. बॅटरीवाले सोडले तर प्रत्येक वायरलेस स्पीकरला विजेची एक वायर असतेच, आणि नेमकी हवी तिथे पिन नसते.

अर्धवर्तुळ

निळीशाई, तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. ब्लूटूथमध्ये गाणं तुमचा फोन वाजवतो. फोन ते इंटरनेटवरून घेतो, उलगडतो, पुन्हा दाबून लहान करतो आणि स्पीकरकडे पाठवतो. म्हणजे फोन मधला हमाल झाला. हमाल लांब गेला की माल पोचत नाही, त्याला दुसरं काम आलं की तो थांबतो. साधारण १० मीटरचा पल्ला सांगतात तो मोकळ्या जागेतला. मध्ये भिंत आली, किंवा फोन पाठीमागच्या खिशात असला, तरी तो कमी होतो, कारण आपल्या शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं.

वाय-फाय स्पीकर स्वतः राउटरला जोडलेला असतो. तुम्ही फोनवरून फक्त ‘हे वाजव’ एवढं सांगता. त्यापुढे तो स्पीकर थेट इंटरनेटवरून गाणं ओढतो. फोन घेऊन तुम्ही घराबाहेर गेलात तरी घरात गाणं चालू राहतं, आणि फोन आला तर तो फोनवरच वाजतो. तुमची गरज बघता खोल्यांसाठी वाय-फायच.

तंबोरा

वरच्या प्रतिसादातलं तांत्रिक बरोबर आहे, निष्कर्षाशी असहमत.

ब्लूटूथला राउटर लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, खातं उघडावं लागत नाही. इंटरनेट गेलं तरी फोनमधली गाणी वाजतात. घरी आलेला कुणीही आपला फोन जोडून चटकन काही ऐकवू शकतो. वाय-फाय स्पीकर कंपनीच्या अ‍ॅपवर अवलंबून. कंपनीने उद्या त्या मॉडेलकडे लक्ष देणं सोडलं की त्याच्या बऱ्याच सोयी संपल्या. माझ्याकडे असा एक आहे. त्यातला पडदा, चुंबक, अ‍ॅम्प्लिफायर सगळं ठणठणीत आहे, पण त्याचं अ‍ॅप नव्या फोनवर चालत नाही. मागच्या बाजूला साधी ऑडिओ पिन होती म्हणून आज तो संगणकाला तारेने जोडून वापरतो. ती नसती तर भंगारात गेला असता.

म्हणून काहीही घ्या, पण तार लावायची एक जागा त्याला असू द्या.

अर्धवर्तुळ

@तंबोरा, तार लावायच्या जागेबद्दल शंभर टक्के सहमत. त्यात एक भर: वाय-फायच्या जोडीला ब्लूटूथही असलेले स्पीकर भरपूर मिळतात. आणि ॲपलची एअरप्ले किंवा गूगलची कास्ट यांसारखी अनेक कंपन्यांनी स्वीकारलेली पद्धत त्यात असेल तर कंपनीच्या अ‍ॅपवरचं अवलंबित्व पुष्कळ कमी होतं. अर्थात एअरप्लेत बरेचदा गाणं फोनमधूनच निघतं, फक्त राउटरमार्गे जातं. तेव्हा ‘फोन बाहेर नेला तरी चालू राहतं’ हे सगळ्या पद्धतींना सारखं लागू नाही, एवढी दुरुस्ती माझ्या वरच्या प्रतिसादात.

केतकीवन

टीव्हीबद्दल लिहिते, कारण या एका गोष्टीने आमच्या घरात सगळ्यांना हैराण केलं होतं.

ब्लूटूथमध्ये आवाज दाबणं, पाठवणं, थोडा साठवणं आणि पुन्हा उलगडणं यात साधारण १०० ते २५० मिलिसेकंद जातात. गाणं ऐकताना हे जाणवत नाही, कारण सगळंच तेवढ्याने उशिरा येतं. चित्र असलं की जाणवतं. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत असं धरलं आहे की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला कळायला लागतं. निसर्गात आवाज नेहमी दृश्यानंतरच पोचतो, म्हणून मागे पडलेला आपण जास्त खपवून घेतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ असतो, पण बहुतेक वेळा तो आवाज आणखी उशिरा सोडतो. आधीच उशिरा येणाऱ्या आवाजाला त्याचा उपयोग नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघताना अ‍ॅप स्वतःच चित्र थोडं थांबवून जुळवून घेतं, तिथे म्हणून त्रास होत नाही.

उपाय एकच: टीव्हीला तार. टीव्ही आणि त्याखालचा साउंडबार हातभर अंतरावर असतात, तिथे वायरलेसचा हट्ट कशाला? टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या एका खाचेवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं, म्हणजे टीव्हीचा आवाज त्या खाचेतून बाहेर जातो. साउंडबार त्याच खाचेत लावायचा, शेजारच्या नाही. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांचे हुकूम ऐकायची सोय, चालू करायची. प्रत्येक कंपनीने त्याला आपलं वेगळं नाव दिलंय, त्यामुळे थोडं शोधावं लागतं. ते चालू झालं की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो.

निळीशाई

केतकीवन, मनापासून आभार! टीव्ही ओढून मागे बघितलं. दुसऱ्या नंबरच्या खाचेवर एआरसी लिहिलंय, तिथे सेट-टॉप बॉक्स लावलेला आहे. तो दुसरीकडे हलवला तर चालेल ना? आणि गोल भोकाची ऑप्टिकल वायर वापरली तर?

केतकीवन

बॉक्स खुशाल दुसऱ्या खाचेत लावा. ऑप्टिकलनेही आवाज वेळेवर येईल, पण त्या तारेतून रिमोटचा हुकूम जात नाही, म्हणून आवाज कमी-जास्त करायला बरेचदा साउंडबारचा वेगळा रिमोट हातात घ्यावा लागतो. एआरसी २००९ पासून आहे, त्यामुळे टीव्ही फार जुना नसेल तर तेच वापरा. आवाज आलाच नाही तर टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये ‘पीसीएम’ (न दाबलेला साधा आवाज) निवडून बघा.

रानवाटा

अवांतर: आमचा स्पीकर एकदा भर दुपारी आपोआप लहान मुलांचं कार्टून बोलायला लागला. पलीकडच्या घरातल्या मुलाने त्याचा टॅब चुकून आमच्या स्पीकरला जोडला होता. आमची धाकटी इतकी खूश झाली की तिने तो बंदच करू दिला नाही :)

वीजवाहक

@रानवाटा, हे नेहमी होतं. बरेच ब्लूटूथ स्पीकर सुरू केले आणि ओळखीचा फोन जवळ नसला की आपणहून जोडणीसाठी खुले राहतात, आणि पिन विचारत नाहीत. वापर संपला की बंद करा. स्पीकरचं नाव बदलता येत असेल तर बदला, म्हणजे एकाच कंपनीच्या दोन स्पीकरांची गल्लत होत नाही. एकदा जोडलेला टॅब पुढेही आपोआप येऊन चिकटेल, त्यामुळे स्पीकर पूर्ण रिसेट करून फक्त आपले फोन नव्याने जोडा.

आता मूळ प्रश्नाकडे. निळीशाई, वाय-फाय स्पीकर घेतलात तर पहिल्या दिवशी ‘स्पीकर सापडत नाही’ असं अ‍ॅप म्हणण्याची शक्यता मोठी. ओळखीच्यांकडे मी हे बरेचदा लावून दिलंय. स्पीकर बिघडलेला क्वचित असतो, अडचण जवळजवळ नेहमी राउटरमध्ये निघते.

कित्येक स्पीकर वाय-फायची फक्त २.४ गिगाहर्ट्झची पट्टी जाणतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो. दोन्ही पट्ट्यांचं नाव आणि पासवर्ड एकच असेल तर नंतर सहसा काही बिघडत नाही, पण पहिल्या जोडणीच्या वेळी काही अ‍ॅप गोंधळतात. तेवढ्यापुरतं राउटरमध्ये ५ बंद करा, स्पीकर जोडा, मग पुन्हा चालू करा. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ही नव्या पद्धतीची सुरक्षा ठेवली असेल तर जुने स्पीकर आत येऊच शकत नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा.

दुसरी भानगड पाहुण्यांच्या नेटवर्कची. ‘गेस्ट’ नेटवर्कवर साधारणपणे एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशीच रचना असते. सुरक्षेला ती चांगली, पण स्पीकर गेस्टवर आणि फोन मुख्य नेटवर्कवर असेल तर दोघांची भेट होणार नाही. मुख्य नेटवर्कवरही तसंच करणारी ‘एपी आयसोलेशन’ अशी खूण असते, ती काढलेली हवी. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. अ‍ॅपने स्थानिक नेटवर्कची किंवा लोकेशनची परवानगी मागितली आणि आपण सवयीने नाही म्हटलं, तरीही स्पीकर दिसत नाही.

आणि राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी मांडणीत ठेवू नका. घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर ठेवा. नवा स्पीकर घेण्याआधी राउटरची जागा बदलून बघा.

सायलीची_आई

वाखूसा (वाचनखूण साठवली)! आमचा स्पीकर परवानगीवरच अडला होता. आत्ता वाचून दिली, लगेच दिसला. वीजवाहकदादा, खूप खूप धन्यवाद.

मंद्रसप्तक

सगळे जोडणीबद्दल बोलत आहेत, ऐकण्याबद्दल कुणीतरी बोलायला हवं.

‘सगळ्या खोल्यांत एकच गाणं’ हे वाटतं तितकं सरळ नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर ओलांडायला जवळपास ३ मिलिसेकंद. हॉलमधला स्पीकर तुमच्या शेजारी आणि खोलीतला १० मीटरवर असेल, तर दोन्ही अगदी एका क्षणी वाजले तरी लांबचा २९ मिलिसेकंदांनी मागून पोचतो. साधारण ३०-४० मिलिसेकंदांच्या आतले दोन आवाज आपला मेंदू एकच समजतो आणि आधी आलेल्याच्या दिशेने ऐकतो. हेल्मुट हास यांनी १९४९ साली यावर केलेलं काम प्रसिद्ध आहे. त्याच्या पुढे गेलं की घुमल्यासारखं, दुहेरी ऐकू यायला लागतं. म्हणून दोन स्पीकरांमध्येच ५०-१०० मिलिसेकंदांचा फरक असला तर दारात उभं राहून गाणं ऐकवत नाही.

वाय-फायच्या गटात सगळे स्पीकर आपली घड्याळं जुळवून घेतात, थोडं गाणं आधी साठवतात आणि ठरल्या क्षणी सोडतात. बटण दाबल्यावर जरा थांबून वाजतं ते त्यामुळेच. ब्लूटूथमध्येही दोन स्पीकरांची जोडी होते, पण साधारणपणे एकाच कंपनीच्या, कित्येकदा एकाच मॉडेलच्या. तेव्हा तीन खोल्यांसाठी तीन वेगळ्या कंपन्यांचे ब्लूटूथ स्पीकर घेऊन ते एकत्र वाजतील अशी आशा धरू नका.

आता जागा. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की खर्ज फुगतो, शब्द अस्पष्ट होतात. कोपऱ्यापासून हात-दीड हात पुढे आणा, फरक लगेच कळेल. दोन स्पीकरांची स्टिरिओ जोडी करणार असाल तर तुमची बसायची जागा आणि ते दोन मिळून समभुज त्रिकोण व्हावा, आणि उंच स्वर काढणारा छोटा पडदा कानाच्या पातळीत यावा. पुस्तकांच्या कप्प्यात आडवा टाकलेला उत्तम स्पीकर आणि नीट मांडलेला साधा स्पीकर, यांत मी साधाच ऐकेन.

भिरभिरा

मंद्रसप्तक, फारच सुंदर प्रतिसाद. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढला. तबला आणि गायक वेगळे ऐकू यायला लागले!

ध्वनिमुद्रा

कोडेकचा, म्हणजे ब्लूटूथ आवाज दाबून पाठवतं त्या पद्धतीचा, विषय कुणी काढला नाही. ब्लूटूथ घेणार असाल तर एलडॅक असलेलाच घ्या. एसबीसी ही साधी पद्धत सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत, एलडॅक ९९० पर्यंत. तिप्पट माहिती.

तंबोरा

@ध्वनिमुद्रा, ९९० हा आकडा फोन आणि स्पीकर जवळ असले, आजूबाजूची हवा स्वच्छ असली तरचा. सिग्नल कमी झाला की तोच एलडॅक ६६० वर आणि मग ३३० वर उतरतो. शिवाय फोन आणि स्पीकर दोघांनाही तो यावा लागतो. आयफोनला येत नाही, तिथे एएसी. पंखा फिरतोय, भांडी वाजतायत, अशा स्वयंपाकघरात हा फरक कुणालाही ऐकू येणार नाही. त्या पैशात मोठ्या पडद्याचा स्पीकर घ्यावा.

ध्वनिमुद्रा

स्वयंपाकघरापुरतं मान्य. शांत खोलीत, मन लावून ऐकताना मला झांजेच्या आणि तंबोऱ्याच्या जवारीच्या झंकारात फरक जाणवतो, आणि त्यावर मी ठाम आहे.

तंबोरा

जवारीबद्दल बोललात म्हणून माघार घेतो :)

रानवाटा

मायक्रोवेव्ह चालू केला की आमचं गाणं अडखळतं. स्पीकर खराब आहे का?

अर्धवर्तुळ

नाही. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि ब्लूटूथची पट्टी २.४०२ ते २.४८० अशी. भट्टीतून किंचित गळती होते. माणसाला ती निरुपद्रवी असते, पण दुबळ्या सिग्नलला पुरेशी ठरते. ब्लूटूथ ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत जातं आणि गजबजलेल्या वाटा टाळतं, म्हणून एरवी निभावतं. स्पीकर भट्टीपासून लांब आणि फोन स्पीकरच्या जवळ ठेवा. संगणकाला लावलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्कही याच पट्टीत गोंगाट करते, तीही बघा.

सोनटक्का

निळीशाई, तुमच्या बाबांच्या रेडिओबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

माझ्या सासऱ्यांना आम्ही हौसेने वाय-फाय स्पीकर दिला होता. गुणी वस्तू. पण तो चालू करायला फोन उघडा, अ‍ॅप उघडा, खोली निवडा, स्टेशन निवडा. त्यांना अक्षरं बारीक दिसतात, बोट थरथरतं. आठवडाभर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, नुसते रेडिओविना बसून राहिले. ते कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

नंतर असा स्पीकर शोधला ज्याच्यावर खरीखुरी दाबायची बटणं आहेत आणि प्रत्येक बटणावर एक स्टेशन साठवता येतं. एक नंबर दाबला की बातम्या, दोन दाबला की संगीत. आवाजाला फिरवायची गोल खुंटी. आता ते कुणालाही हाक न मारता ऐकतात. आपल्याच घरात आपल्याला हवं ते दुसऱ्याला न विचारता लावता येणं वयस्कर माणसाला फार मोलाचं असतं. सगळ्या खोल्यांत सारखेच स्पीकर घेण्याचा आग्रह धरू नका. बाबांना दुकानात न्या, त्यांच्या बोटांना कुठलं बटण जमतं ते बघा.

केतकीवन

सोनटक्का, +१. डोळ्यांत पाणी आलं.

वीजवाहक

सोनटक्कांशी पूर्ण सहमत. बोलून हुकूम देता येणारे स्पीकरही वयस्करांना सोयीचे पडतात, पण त्यांचा माइक सतत त्या ठरावीक हाकेची वाट बघत उघडा असतो. घरात सर्वांना ते चालणार आहे का हे आधी विचारा. माइक बंद करायचं बटण स्पीकरवरच असलेला घ्या.

निळीशाई

सगळ्यांचे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. आता काय केलं ते सांगते.

हॉलमध्ये साउंडबार एआरसीने जोडला. ओठ आणि शब्द जुळले. राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजमध्ये उंच फळीवर ठेवला. स्वयंपाकघरात आणि माझ्या खोलीत वाय-फाय स्पीकर, दोन्हींना मागे ऑडिओ पिन आहे (तंबोरा यांचा सल्ला). बाबांना बटणांचा इंटरनेट रेडिओ, त्यांनीच निवडला. आमच्या गटात तो येत नाही, पण त्यांनाही यायचं नव्हतं. जुना ब्लूटूथ बाल्कनीत.

दोन शंका उरल्या. साउंडबारही गटात घेतला, पण टीव्हीचा आवाज स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर उशिरा येतो. आणि माझ्या खोलीतला स्पीकर कधीकधी सकाळी अ‍ॅपमधून गायब असतो. प्लग काढून लावला की परत येतो.

मंद्रसप्तक

पहिली शंका: गटात गाणं आधी साठवून सोडतात हे वर लिहिलं, त्याचीच ही दुसरी बाजू. गाणं थांबवून ठेवता येतं, चालू कार्यक्रमाचं चित्र थांबत नाही. टीव्ही बघताना साउंडबार गटातून बाहेर काढा. स्वयंपाकघरात नुसत्या बातम्याच ऐकायच्या असतील तर उशिराने काही बिघडत नाही, दार तेवढं लोटून घ्या.

वीजवाहक

दुसरी शंका: राउटरच्या पानावर जाऊन त्या स्पीकरला कायमचा पत्ता नेमून द्या, ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असं काहीसं लिहिलेलं असतं. राउटर एकच नाव ठेवून उपकरणांना २.४ आणि ५ मध्ये ढकलत असेल तर ते बंद करून दोन्हींना वेगळी नावं द्या आणि स्पीकर २.४ वर पक्का करा. भिंतींपलीकडे २.४ चाच सिग्नल जास्त पोचतो. तरीही गायब झाला तर राउटरच्या यादीत तो दिसतो का बघा. तिथे दिसत असेल पण अ‍ॅपमध्ये नसेल तर राउटरमधलं ‘आयजीएमपी स्नूपिंग’ बंद-चालू करून बघा. स्पीकर एकमेकांना शोधायला जी हाक सगळ्यांना मिळून मारतात, ती काही राउटर या सेटिंगमुळे अडवतात.

निळीशाई

दोन वेगळी नावं दिली. तेव्हापासून स्पीकर एकदाही गायब झालेला नाही. वीजवाहक, मंद्रसप्तक, तुम्हा दोघांचे खूप आभार.

सायलीची_आई

बाल्कनीतला ब्लूटूथ सतत चार्जिंगला ठेवता का? आमच्याकडेही तसाच आहे, म्हणून विचारते.

अर्धवर्तुळ

रोज वापरात असेल तर बिघडत नाही, पण ऊन लागणार नाही असं बघा. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरलेलं असणं आणि उष्णता या दोन गोष्टी एकत्र मिळाल्या की ती लवकर म्हातारी होते. बरेच दिवस वापरणार नसाल तर निम्मी भरून बंद करून ठेवा, आणि अधूनमधून बघा. पार रिकामी ठेवू नका.